पाटीभर शेणाची मजुरी

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे असं करत कोल्हापूर गाठते. सिंधुताई सपकाळ यांचं आयुष्य नकाशावर मांडायचं ठरवलं, तर बोट बरंचसं याच मार्गावरून फिरवावं लागतं. जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा, वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे गावचा. सासर त्याच जिल्ह्यातलं नवरगाव. घराबाहेर काढल्यावर लेकराला पोटाशी धरून भीक मागितली ती मनमाड, परभणी, नांदेडकडच्या गाड्यांत आणि फलाटांवर. पुढे अनाथ मुलांचं काम उभं राहिलं ते मेळघाटाच्या डोंगरात चिखलदऱ्याला आणि पुण्याजवळ हडपसर-सासवडच्या बाजूला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी राष्ट्रपतींच्या हातून पद्मश्री घेतली आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, ४ जानेवारी २०२२ ला, पुण्यात त्यांचं निधन झालं.

अनंत महादेवन यांनी २०१० साली या आयुष्यावर ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा चित्रपट केला. तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडित यांनी उभी केली आणि उतारवयातली ज्योती चांदेकर यांनी. या दोघी प्रत्यक्षातही मायलेकी. आईपणावरच्या चित्रपटात एकाच बाईचं अर्धं आयुष्य लेकीने आणि अर्धं तिच्या आईने जगून दाखवावं, हा योग विरळा. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, पटकथेला आणि संवादांना मिळाला, सुरेश वाडकरांच्या गाण्यालाही मिळाला. अमेरिकेला निघालेल्या विमानात नऊवारीतली एक बाई बसलेली आहे आणि तिला मागचं सगळं आठवतं आहे, अशी त्याची मांडणी.

चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, काय लक्षात राहिलं? उत्तरं ठरलेली येतात. गोठ्यात गुरांच्या पायांशी झालेलं बाळंतपण. जवळ कुणी नाही म्हणून दगडाने ठेचून स्वतःच तोडलेली नाळ. माहेरानेही दार लावलं तेव्हा स्मशानात काढलेल्या रात्री आणि चितेच्या निखाऱ्यांवर भाजलेली भाकरी. ऐकताना अंगावर काटा येतो. सिंधुताई स्वतः व्याख्यानांत हे सांगायच्या तेव्हा हजारांचा समुदाय चिडीचूप व्हायचा, आणि शेवटी त्या पदर पसरायच्या तेव्हा तो भरायचा.

या प्रसंगांच्या आधी घडलेला एक प्रसंग मात्र फारसा कुणी काढत नाही. त्यात रडण्याजोगं काही नाही. तो शेणाचा आहे.

नवरगाव जंगलाच्या कडेचं. गुरं शेकड्यांनी, आणि चराई जंगलात. तिथलं शेण गोळा करायचं काम बायकांचं. हे काम कसं असतं? वाकायचं, दोन्ही हातांनी पो उचलायचा, पाटीत टाकायचा, चार पावलं जायचं, पुन्हा वाकायचं. पाटी भरली की डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी. पावसाळ्याचे दिवस असले तर पातळ शेण पाटीतून झिरपून कपाळावर, कपाळावरून गळ्यापर्यंत ओघळतं. ढिगापाशी पाटी रिकामी करायची आणि परत फिरायचं. दुपारपर्यंत कंबर मोडून जाते. एवढं करून हातात काही नाही. रस्त्याच्या कामावर मुरूम फोडणाऱ्याला मजुरी होती, शेण काढणारीला नव्हती. आणि गोळा झालेल्या त्याच शेणाचा रीतसर लिलाव होत होता. बोली लागायची, पैसे मोजले जायचे, पावत्या फाटायच्या. म्हणजे शेणाला मोल होतं, ते उचलणाऱ्या हाताला नव्हतं.

चौथी शिकलेल्या, विशीतल्या सिंधूला हा हिशेब खटकला. तिने बायकांना गोळा केलं आणि मजुरी मागितली. गाऱ्हाणं वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली आणि निकाल बायकांच्या बाजूने लागला.

ज्यांचं यात बिनसलं त्यांनी मग वेगळा डाव टाकला. सिंधू तेव्हा पोटुशी होती. पोटातलं मूल नवऱ्याचं नाहीच, अशी कंडी पिकवली गेली. नवऱ्याने ती खरी मानली आणि नऊ महिने भरलेल्या बायकोला मारहाण करून घराबाहेर काढलं. त्या रात्री गोठ्यात मुलगी जन्मली. तीच ममता.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले की कथेचा अर्थच बदलतो. गोठ्यातलं ते बाळंतपण नशिबाच्या फेऱ्याने आलेलं नव्हतं. मजुरी मागितल्याची ती शिक्षा होती. आपण मात्र शिक्षेची हकिगत ऐकून डोळे पुसतो आणि मागणी काय होती ते विसरतो. गरिबीशी झगडणाऱ्या आईबापांच्या गोष्टी आपल्याला इतक्या का आवडतात, याचं निम्मं उत्तर इथेच सापडतं. दुःखाचं कौतुक करायला काही लागत नाही. मजुरीची मागणी ऐकायला लागलो तर खिशात हात घालावा लागतो.

गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे समजायला वर्ध्यापर्यंत जायची गरज नाही. मे महिन्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या कुठल्याही जंगलालगतच्या गावात पहाटे जाऊन उभं राहावं. उजाडायच्या आत बायका तेंदूपत्ता तोडायला निघतात. ऊन तापण्याआधी परतायचं असतं, कारण त्या दिवसांत दहानंतर जंगलात पाय भाजतो. शिवाय अस्वल असतं, विंचूकाटा असतो, आणि २०१३ नंतर नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्पही आहे, म्हणजे वाघाचाही विचार करावा लागतो. घरी आलं की ओसरीवर पानांचा ढीग ओततात आणि सारं घर भोवती बसतं. पान हातात घेऊन उलटसुलट पाहायचं. किडकं, फाटकं, जून झालेलं बाजूला. चांगल्या पानांचे देठ एका बाजूला आणायचे, चळत जुळवायची, मोजायची. सत्तर पानं झाली की सालीच्या दोरीने आवळून एक पुडा. शाळेला सुट्टी असते म्हणून पोरंही बसतात. पाढे यायच्या आधी त्यांना सत्तरपर्यंत मोजता येतं. म्हातारी नजर अधू झालेली असली तरी बोटांच्या पेरांनी जाड-पातळ पान ओळखते. ऊन कलल्यावर पुडे डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी जायचं. तिथे मोजणी होते आणि वाळण्यासाठी पुड्यांच्या ओळी लागतात. हजार पुड्यांची एक गोणी धरली तर एका गोणीमागे सत्तर हजार पानं कुणाच्या तरी बोटांखालून गेलेली असतात, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणीतरी वाकून किंवा टाचा उंचावून तोडलेलं असतं.

या दहा-पंधरा दिवसांच्या पैशांवर घराचं किती काय अडलेलं असतं! खरिपाचं धानाचं बियाणं, पोरांच्या वह्या, कुणाचा तरी दवाखाना, राहिलेली उधारी. पुढे मृग लागला की त्याच बायका चिखलात उतरतात. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, बांधीत वाकून रोवणी करायची. हिवाळ्यात कापणी आणि चुरणे. मधल्या दिवसांत काही घरांत विड्या वळतात, त्यांचा भाव हजाराच्या हिशेबाने. वर्षभरात या बाईचा मणका सरळ असतो तो किती दिवस? तिच्या मुलाने दहावीत नव्वद टक्के काढले की वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. खाली मथळा असतो, मोलमजुरी करणाऱ्या आईच्या कष्टाचं चीज झालं. मथळा खोटा नाही. पण त्या आईला पुड्यामागे काय मिळालं आणि रोवणीला काय मिळालं, हे त्या बातमीत नसतं. कष्टांचं चीज मुलाच्या गुणपत्रिकेत व्हावं आणि हजेरीपटावर होऊ नये, हे आपण किती सहज मान्य करून टाकलं आहे.

मराठी माणसाला गरीब आईचं वेड जुनं आहे. चित्रपटासाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली मिळालं ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. आपल्या झाडीपट्टीत तर ही भक्ती रात्रभर जागते. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागलं की गावोगाव मंडई भरते. कुठे शंकरपट असतो, आणि रात्री नाटक. वडशाच्या नाट्यमंडळींच्या गाड्या सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावच्या गावांत पोचतात. रात्री पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. रंगमंचावरच्या आईने फाटक्या पदराला डोळे लावले की मंडपातल्या पाच-सहाशे बाया एकदम पदर डोळ्यांना लावतात. हे अश्रू खोटे म्हणण्याची माझी छाती नाही. बघणारीचं स्वतःचंच आयुष्य समोर चाललेलं असतं, तिचा त्या अश्रूंवर हक्क आहे. प्रश्न पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचा आहे. तिथे बसून डोळे टिपणारा माणूस सकाळी कापणीची मजुरी देताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा रात्रीच्या त्या अश्रूंचं काय करायचं?

परदेशातही असंच चालतं. २००६ च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘द पर्स्युट ऑफ हॅपीनेस’ हा चित्रपट लागला. ख्रिस गार्डनर नावाच्या माणसाची खरी कहाणी. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लहानग्या मुलाला घेऊन तो बेघर फिरतो, रेल्वे स्टेशनच्या प्रसाधनगृहात आतून कडी लावून रात्र काढतो, चर्चच्या आसऱ्यासाठी रांगेत उभा राहतो, आणि शेवटी शेअर दलालीच्या पेढीत नोकरी मिळवतो. बापाची भूमिका विल स्मिथने केली आणि मुलाची त्याच्याच मुलाने, जेडनने. ‘मी सिंधुताई सपकाळ’मध्ये खऱ्या मायलेकी, तिथे खरे बापलेक. चित्रपट जगभर गाजला, आपल्याकडेही प्रेरणादायी म्हणून तो आवर्जून दाखवला जातो.

त्यात केलेला एक बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. पडद्यावर गार्डनरचं प्रशिक्षण बिनपगारी दाखवलं आहे. प्रत्यक्षात त्याला विद्यावेतन मिळत होतं, तुटपुंजं, पण मिळत होतं. तो रस्त्यावर आला त्यामागची कारणं साधी होती. त्या पैशात शहरात घर परवडत नव्हतं, आणि ज्या स्वस्त खाणावळवजा निवाऱ्यात तो राहत होता तिथे लहान मुलाला ठेवायला परवानगी नव्हती. कमी पगार, चढं भाडं आणि मुलं नको म्हणणारा घरमालक. गोंदियाच्या भाड्याच्या खोल्यांत राहून रोज कामाला जाणाऱ्या कुणालाही ही तीन कारणं सांगून बघा, तो म्हणेल, आमचीच गोष्ट सांगता की! पण पडद्याला असल्या रोकड्या कारणांत फार रस नसतो. पगार पूर्ण पुसून टाकला की जिद्द अधिक उठून दिसते. मग बघणारा घरी जाताना हेच घेऊन जातो की माणसाने मनावर घेतलं तर काहीही अशक्य नाही. यात मनावर घेण्याचं सारं ओझं गरिबाच्या माथ्यावर, आणि भाडं किंवा पगार ठरवणाऱ्याच्या मनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

जिद्द खोटी असते असं कुणी म्हणू नये. गार्डनरची जिद्द अस्सल होती, सिंधुताईंच्या जिद्दीला तर तोड नाही. पण या दोन जिद्दींची दिशा पाहिली की फरक कळतो. गार्डनरने काहीही झालं तरी मुलाचा हात सोडला नाही, त्याला घेऊन तो वर चढला आणि स्वतःची पेढी काढण्यापर्यंत पोचला. बाप म्हणून तो जिंकला. सिंधुताईंनी मात्र फलाटावरच पंगत मांडली. गाणं म्हणत भीक मागायची आणि जे मिळेल ते तिथल्याच इतर भुकेल्यांबरोबर वाटून खायचं. स्टेशनावर सापडलेली, टाकून दिलेली पोरं जवळ घ्यायची. अंगावर एक तान्हं असताना जिला स्वतःच्या उद्याची खात्री नाही, ती बाई आणखी तोंडं वाढवत गेली. व्यवहार जाणणारा कुणीही हिला वेड्यात काढेल.

त्याहून अवघड गोष्ट त्यांनी पुढे केली. आपली पोटची मुलगी जवळ राहिली तर तिच्या ताटात एखादा घास नकळत जास्त पडेल, अनाथ पोरांना ते जाणवेल, म्हणून ममताला त्यांनी पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई ट्रस्टच्या स्वाधीन केलं. हा निर्णय प्रत्येकाला पटेल असं नाही. त्या मुलीने त्याची काय किंमत मोजली असेल, हा विचार मनातून जात नाही. मोठी झाल्यावर ती आईच्याच कामात उतरली, म्हणून सगळं गोड झालं असंही म्हणता येत नाही. पण त्या निर्णयामागे जो विचार होता तो पुन्हा हिशेबाचाच होता. पाटीला मजुरी मिळाली पाहिजे म्हणणारी बाई आता स्वतःच्या पंगतीत वाढप सारखं पडतंय ना, हे तपासत होती. स्वतःच्या मायेवरही तिने पाळत ठेवली. मला तर नवरगावच्या त्या शेणाच्या ढिगापासून सासवडजवळच्या कुंभारवळणच्या बालसदनापर्यंत एकच धागा दिसतो. ज्याचं जे येणं आहे ते त्याला पोचलं पाहिजे. माई म्हणून त्यांची पूजा झाली. त्यांच्यातली ही हिशेबी बाई त्या पूजेच्या फुलांखाली झाकून गेली.

पुढे म्हाताऱ्या झालेल्या नवऱ्यालाही त्यांनी आश्रय दिला. आता मी फक्त आई आहे, नांदायचं असेल तर लेकरू म्हणून नांद, अशा अटीवर. हा प्रसंग सांगून झाला की सभेत टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. क्षमा करणं हा त्यांचा अधिकार होता आणि तो त्यांनी मोठ्या मनाने वापरला. मात्र एका बाईने क्षमा केली म्हणून जगाचा हिशेब मिटत नाही. गरोदर बाईला घराबाहेर काढणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्यातून सूट मिळत नाही, आणि अशा बाईला थारा न देणाऱ्या गावालाही नाही. सोसणाऱ्याच्या थोरवीआड लपायची सवय आपल्याला फार लवकर लागते.

गार्डनरचा चित्रपट अमेरिकेत लागला त्याच डिसेंबरात दिल्लीत संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. त्या घटनेवर कुणी चित्रपट काढणार नाही. कागद, नोंदी, ग्रामसभेचे ठराव, नकाशे यांच्यात पाहण्यासारखं काय असतं? पण तेंदूपत्त्यासारख्या वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा मालकी हक्क या कायद्याने मान्य केला. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यापासून या पानाचा व्यापार सरकारच्या हाती होता. लिलाव व्हायचा, ठेकेदार यायचा आणि तोडणारीच्या हाती मजुरी पडायची. नव्या कायद्याच्या आधारे गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी आपल्या जंगलातल्या पानाचा लिलाव आपणच करायला घेतला. पारावर किंवा समाजमंदिरात बसून गावकरी बोली ठरवतात, करारावर सह्या करतात, पैसे चुकले तर ठेकेदाराला जाब विचारतात. सगळीकडे हे सुरळीत चालतं असं नाही. भाव पडतात, ठेकेदार अडवतात, गावात दोन तट पडतात. तरीही लिलाव कुणाच्या अंगणात होतो, याने फरक पडतो. नवरगावच्या बायकांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर या दिशेने शोधायचं आहे. माल आमच्या हातांनी गोळा होतो, तर मोल ठरवताना आम्ही कुठे असतो?

याच कारणाने मला वाटतं, गरीब आईबापाला नायक करणं ही चांगली गोष्ट असली तरी नायक व्हायची पाळी त्यांच्यावर येणं ही चांगली गोष्ट नव्हे. मुलाला जेवू घालायला, शाळेत पाठवायला, ताप आला तर दवाखान्यात न्यायला आईला असामान्य असावं लागू नये. साधीसुधी, कधी चिडणारी, कधी कंटाळणारी, भाषण न येणारी, गाणं न येणारी बाईसुद्धा आपलं मूल नीट वाढवू शकली पाहिजे. सिंधुताईंचा आवाज खणखणीत होता, वाणीला धार होती, त्यामुळे भाषणातून त्यांनी पोरांचं रेशन मिळवलं. फलाटावर त्यांच्याशेजारी बसलेल्या किती बायकांकडे ती वाणी नव्हती? त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही. त्या कुठे गेल्या, हे विचारायलाही आता उशीर झाला.

म्हणून असा एखादा चित्रपट पाहून डोळे भरून आले की त्या भरात मोठे संकल्प करू नयेत. अनाथाश्रमाला देणगी द्यावी, जरूर द्यावी. पण त्याआधी आपली स्वतःची वही उघडावी. आपल्या घरची भांडी घासणारीला ती आजारी होती त्या दोन दिवसांचे पैसे कापले का? रोवणीला आलेल्या बायकांचा हिशेब धान विकल्यावर देऊ म्हणून ठेवला आहे का? बाजारात मोहफुलं घेऊन बसलेल्या म्हातारीशी भाव करताना आपण किती ओढून धरलं? दुकानात कामाला असलेल्या पोराचा पगार पाच तारखेचा वीस तारखेला गेला का? ही कामं छोटी आहेत, त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवत नाही, आणि ती करायला मन फार हेलावलेलं असावं लागतं असंही नाही. साध्या नेकीवर ती भागतात.

आईच्या कष्टांना मोल नाही, असं आपण मोठ्या आदराने म्हणतो. तिच्या मायेला नसेलही. तिच्या कामाला मात्र मोल आहे, आणि ते रुपयांत मोजता येतं. ते आज, तिच्या हातावर, पूर्ण ठेवावं. मग तिच्या थोरवीबद्दल बोलायला आपलं तोंड मोकळं झालं.